शंभराची मोड हसून देणारं दुकान

नाशकात रविवार कारंजावरून भांडी बाजाराकडे जायला ज्या आतल्या गल्ल्या आहेत ना, त्यातल्या एका गल्लीत जुन्या वाड्याच्या खाली एक किराणा दुकान आहे, त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. नाव टाकत नाही कारण काकांनीच सांगितलं, ताई नाव नका टाकू, मी एकटा आहे, गर्दी झाली तर मला झेपायचं नाही. तसंही पाटीवरची अक्षरं उडून गेलीत. दारात तेलाचे डबे, आत गुळाची ढेप आणि वर खिळ्याला अडकवलेला पितळी तराजू दिसला की समजायचं हेच. तराजू आता वापरात नाही, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावरच होतं, पण वडिलांचा आहे म्हणून काढलेला नाही.

किराणा दुकानाचं लिहायचं म्हणजे माल कसा, भाव कसा, गाडी कुठे लावायची हे लिहितात, ते मी पण खाली लिहिते. पण मला आधी मोडीबद्दल लिहायचंय. मोड म्हणजे सुट्टे पैसे, हे सांगायची खरं तर नाशकात गरज नाही, पण माझी मुलगी पाचवीत आहे आणि तिला हा शब्द या दुकानात पहिल्यांदा कळला, तेव्हा मला जरा धक्काच बसला, कारण माझ्या आजीच्या तोंडी दिवसातून दहा वेळा असायचा तो.

झालं असं की गेल्या महिन्यात एकाच दिवसात तीन ठिकाणी सुट्ट्यांवरून डोकं फिरलं. सकाळी घराजवळच्या मेडिकलमधे औषध घेतलं, बिल ९६, मी शंभरची नोट दिली तर काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता चार चॉकलेटं पुढे सरकवली. मी म्हटलं चार रुपये द्या ना, तर म्हणे मॅडम चिल्लर नाहीये. दुपारी रिक्षाने आले, साठ द्यायचे होते, रिक्षावाल्या दादांकडे खरंच सुट्टे नव्हते, ते बिचारे उतरून दोन टपऱ्यांवर विचारून आले, दोन्हीकडे नाही म्हणाले आणि मला रिक्षात बसून दिसत होतं की एकाच्या गल्ल्यात दहाच्या नोटांची चांगली जाड गड्डी आहे. संध्याकाळी एका मोठ्या मार्टमधे दोन रुपये परत यायचे होते ते पुढच्या वेळी ॲडजस्ट करू म्हणाले. कुठली पुढची वेळ, कोण लक्षात ठेवणार. आणि ती सकाळची चार चॉकलेटं उद्या मी त्याच मेडिकलमधे चार रुपये म्हणून दिली तर घेतील का? नाही घेणार. मग मला का घ्यायला लावतात.

लोक म्हणतात ऑनलाइन कर ना. करतेच की, २०१६ ला यूपीआय आलं तेव्हापासून मी पण करतेय. पण त्या दिवशी फोनची बॅटरी संपली होती, आणि माझ्या सासूबाई फोनवरून पैसे देत नाहीत, त्यांना जमतं पण त्यांना नको वाटतं, आणि पाचवीतल्या मुलीला मी फोन देऊन दुकानात पाठवणार नाही. या सगळ्यांनी काय करायचं, भाजीवाल्या मावशीकडून कोथिंबिरीची जुडी घेताना शंभरची नोट पुढे करायची आणि तिचा चेहरा बघायचा?

तर दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात गेले. मुलगी बरोबर होती. पोहे, गूळ, थोडे शेंगदाणे असं घेतलं, ६३ रुपये झाले. मुलीने शंभरची नोट दिली. आता हे नीट सांगते कारण असं मी लहानपणानंतर बघितलंच नव्हतं. काकांचा गल्ला लाकडी आहे, ड्रॉवरसारखा ओढायचा, आणि आत लाकडातच कोरलेल्या वाट्या आहेत, पाच वाट्या, हात घालून घालून आतून अगदी गुळगुळीत झालेल्या. एकात एक रुपये, एकात दोन, एकात पाच, एकात दहाची नाणी, आणि शेवटच्या वाटीत इलायची, ती त्यांची स्वतःची. नोटा मागच्या बाजूला चपट्या खणात. काकांनी तिची नोट गल्ल्यात टाकली नाही, आधी ती गल्ल्याच्या कडेवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि मग वाट्यांमधून नाणी उचलून तिच्या तळहातावर एकेक ठेवत मोजायला लागले, त्रेसष्ट झाले ना बाळा, हा एक, चौसष्ट. हा एक, पासष्ट. हे पाच, सत्तर. हे दहा, ऐंशी. आणि ही वीसची नोट, शंभर. पुरले? मुलगी बघतच राहिली. वजाबाकी केलीच नाही त्यांनी! बिलापासून वर वर चढत गेले आणि शंभरावर जाऊन थांबले, म्हणजे देणाऱ्याला पण कळतं घेणाऱ्याला पण कळतं आणि चूक झाली तर दोघांच्या समोर होते. शंभरावर पोचल्यावरच नोट आत टाकली. जुने दुकानदार असंच मोजायचे, नोट कडेवर ठेवायची पद्धत पण त्यासाठीच, नंतर कोणी म्हणायला नको मी पाचशेची दिली होती.

तेवढ्यात मागून एक आजोबा आले, काही घेतलं नाही, नुसती पाचशेची नोट पुढे केली आणि म्हणाले, "याची मोड आहे का रे?" काका म्हणाले, "कशी देऊ, शंभराच्या का पन्नासाच्या?" आणि दिली. हसून दिली! काही विकत घेतलं नाही म्हणून कपाळाला आठी नाही, काही घ्या मग देतो असं पण नाही.

घरी येताना मुलीने विचारलं आई मोड म्हणजे मटकीला येतात ते ना. हसू आलं पण प्रश्न बरोबर आहे, मिसळीच्या गावात वाढलेल्या पोरीला मोड म्हटल्यावर मटकीच आठवणार. मग मी तिला सांगितलं की मटकीला *मोड आले* म्हणतो आणि पैशांची *मोड आली* म्हणतो, ते मोड आणि ही मोड, बोलताना आपण कधीच गडबड करत नाही. पैशांची मोड कशावरून, तर मोडणे, नोट मोडायची. फाडायची नाही, मोडायची, म्हणजे एका मोठ्या गोष्टीच्या लहान गोष्टी करायच्या आणि किंमत तीच ठेवायची. सराफ बाजारात जुनी पाटली दिली की सराफ तिला पण मोडच म्हणतात, आणि भांडी बाजारात तर घरातलं चेपलेलं पितळी पातेलं, गळका तांब्या असं सगळं घेऊन गेलं की दुकानदार म्हणतात मोड आहे का नवीन घ्यायचंय, मोडीचा भाव वेगळा. आजीने दोन हंडे असेच मोडीत घालून माझ्या आईच्या लग्नात स्टीलचा डबा घेतला होता. म्हणजे आपल्या या दोनशे पावलांच्या बाजारात एकच शब्द तीन दुकानांत तीन गोष्टींना चालतो, सोनं, पितळ आणि पैसा, आणि तिन्हीकडे अर्थ तोच, मोडलं तरी मोल राहतं.

आणि मोडीच्या उलट काय तर बंदा. बंदा रुपया! आपण चांगल्या माणसाला बंदा रुपया म्हणतो पण मूळ अर्थ साधा आहे, न मोडलेला, एका नाण्याचा अखंड रुपया. सोळा आण्यांची चिल्लर पण रुपयाच होते पण ती बंदा रुपया होत नाही. काका अजून विचारतात, "बंदे देऊ का मोड देऊ?" हे वाक्य मी शेवटचं आजीकडून ऐकलं होतं.

बाकीचे शब्द पण घ्या ना. सुट्टे म्हणजे सुटलेले, बांधलेल्या गठ्ठ्यातून मोकळे झालेले, शुद्ध लिहायचं तर सुटे पण नाशकात कोणी एक ट घालून बोलताना मी ऐकलेलं नाही. चिल्लर दक्षिणेकडून आलेला शब्द, कानडीत चिल्लरे, तेलुगूत चिल्लर, तमिळमधे चिल्लरै, आणि तिकडे त्याचा अर्थ किरकोळ विक्री असा पण होतो, कानडीत चिल्लरे अंगडी म्हणजे किरकोळ विक्रीचं दुकान. आपल्याकडे मात्र तो माणसाला लावला की शिवी होते, चिल्लर माणूस, चिल्लरपणा करू नको. मला हे बरोबर वाटत नाही खरं तर, चिल्लरशिवाय बाजार एक दिवस चालत नाही. आणि खुर्दा! आजी म्हणायची रुपयाचा खुर्दा घेऊन ये. खुर्दा फारसीतून आला, बारीक, तुकडे, तोच जो गावांच्या नावापुढे खुर्द म्हणून बसलाय, अंबड खुर्द म्हणजे धाकटं अंबड, आणि मोठं गाव असेल तर बुद्रुक. लढाईत शत्रूचा खुर्दा उडवला म्हणतात तो पण हाच खुर्दा. आता खुर्दा कोणी म्हणत नाही, मी काकांना एकदा मुद्दाम म्हटलं काका पन्नासचा खुर्दा द्या तर ते इतके खुश झाले, म्हणाले माझे वडील म्हणायचे.

मग असंच एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा काकांनी जुना हिशोब समजावून सांगितला. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पैन् पैचा हिशोब म्हणतो ती ही पै, रुपयाचा १९२ वा भाग, एवढा बारीक हिशोब. दोन आण्याला चवली, चार आण्याला पावली, आठ आण्याला अधेली. मग १९५७ ला शंभर नवे पैसे आले, आणि घोळ असा झाला की एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आता सव्वा कुठून देणार, म्हणून सरकारने ठरवून दिलं एका आण्याला सहा, दोन आण्याला बारा, तीन आण्याला एकोणीस, चार आण्याला पंचवीस. म्हणजे एकेक आणा चार वेळा मोडला तर चोवीसच हातात, आणि चार आणे एकदम मोडले तर पंचवीस. काकांचे वडील तेव्हा याच गल्ल्यावर बसायचे आणि गिऱ्हाईकाला सांगायचे एक आणा आणू नका हो, चार साठवा मग आणा, तुमचाच पैसा वाचेल. *ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज थोडा बदलतो.* पुढे १९६४ साली नवे हा शब्द पण गळून पडला, नुसते पैसे राहिले. पण बोलण्यात आणा अजून जिवंत आहे बघा, सोळा आणे खरं म्हणतो, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतो, आणि बेरीज केली तर बरोबर सोळा आणे, पूर्ण रुपया, म्हण बनवणाऱ्याने पण हिशोब चुकवला नाही.

सव्वा रुपयाचं मात्र वाईट वाटतं मला. दक्षिणा सव्वा रुपया, नवस सव्वा रुपयाचा, पण पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, त्यामुळे सव्वा रुपया आता नाण्यांत देताच येत नाही. तोंडाने सव्वा रुपया म्हणायचं आणि हातावर अकरा किंवा एकवीस ठेवायचे. काळाराम मंदिरात मी आईबरोबर जायचे तेव्हा ती पदराच्या गाठीतून एक रुपया आणि वर पावली काढून द्यायची, ती पावली वेगळी ठेवलेली असायची, खर्चायची नाही. पन्नास पैसे मात्र कायद्याने अजून चालतात हे बऱ्याच जणांना माहितीच नाही, नाणी कायदा २०११ चा आहे त्यात पन्नास पैशाची नाणी दहा रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला चालतात आणि रुपयापासून वरची नाणी हजार रुपयांपर्यंत. काका घेतात. एक बाई एका कागदात बांधून वीस अधेल्या घेऊन आली होती, त्यांनी मोजून दहा रुपये दिले आणि म्हणाले बँकेत भरीन.

आणि दहाचं नाणं! हे तर लिहायलाच पाहिजे. किती दुकानात ऐकलंय हे चालत नाही, हे नकली आहे, याच्यावर रेषा दहा पाहिजेत पंधरा नकोत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मधे स्पष्ट सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार वेगवेगळ्या वेळी निघालेत आणि सगळे चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलं पण आणि नसलेलं पण. काकांच्या गल्ल्यात दहाच्या नाण्यांची वाटी कायम भरलेली असते कारण बाकीचे घेत नाहीत ते सगळे इथे येतात. मी त्यांना विचारलं तुम्हाला अडकत नाही का, तर म्हणाले मी देताना सांगतो घ्या, कोणी नाही म्हटलं तर माझ्याकडे परत आणा, मी घेतो, मग कोण नाही म्हणेल.

यावरून मला अंजनेरी आठवलं. त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली, तिथे म्युझियम आहे, मुलीला घेऊन गेलो होतो, नाशिककरांनी एकदा तरी जावं. त्यानंतर मी थोडं वाचलं, तर आपल्याच जिल्ह्यात गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली होती, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. म्हणजे एकाच नाण्यावर आधी हरलेल्या राजाचा छाप आणि त्याच्यावर जिंकलेल्याचा, आणि ती नाणी बाजारात चालत होती. दोन हजार वर्षांपूर्वी या भागातल्या माणसाने दोन राजांचं नाणं घेतलं आणि आज आपण रेषा मोजत बसतो.

त्याहून भारी म्हणजे पांडवलेणी. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे दगडात कोरलेला, आपण सगळे शाळेच्या सहलीला तिथे जाऊन फोटो काढून आलोय आणि वाचलेला कोणी नाही. त्यात लिहिलंय की त्याने देवांना आणि ब्राह्मणांना सत्तर हजार कार्षापण दिले, आणि पुढे भाव दिलाय, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या हिशोबाने दोन हजार सुवर्ण. कार्षापण चांदीचं नाणं, सुवर्ण सोन्याचं. म्हणजे मोठ्या नाण्याची मोड किती मिळेल ते दगडावर कोरून ठेवलंय, पस्तीस! कोणी पस्तीसच्या जागी चौतीस आणि एक चॉकलेट देऊ शकणार नाही. त्याच लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, दोन हजार कार्षापण ठेव ठेवल्याचं आहे, शेकडा महिना एक व्याजाने. हे मी काकांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे सव्वाशे पावसाळे कमीच म्हणायचे आपल्या दुकानाचे." दुकान त्यांच्या पणजोबांनी टाकलेलं आहे.

आमचे सासरे, आम्ही आप्पा म्हणतो, नाशिकरोडच्या नोट प्रेसला होते. प्रेस १९२८ पासून नोटा छापतेय, घरोघरी कोणी ना कोणी प्रेसवाला आहे नाशिकरोडला. मी आप्पांना एकदा जेवताना म्हटलं, आप्पा गावात नोटा छापतात आणि गावात सुट्टे मिळत नाहीत, असं कसं. ते म्हणाले, आपण बंदे बनवतो गं, मोड दुसरीकडे बनते. खरंय, नाणी नाशकात पडतच नाहीत, टांकसाळी मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि नोएडाला आहेत. मग त्यांनी मुलीला नाण्यावरचं वर्ष दाखवून त्याच्या खाली बघायला सांगितलं, चौकटीसारखा हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. तेव्हापासून काकांच्या दुकानातून आली की ती आधी नाणी उलटीपालटी करून बघते. परवा पाच नाण्यात तीन हिरे निघाले.

आता काकांकडे एवढी मोड येते कुठून, हे मी विचारलंच. रामकुंडाच्या बाजूला फुलं, पूजेचं सामान विकणाऱ्या बायका संध्याकाळी चिल्लर घेऊन येतात, दोन देवळांच्या दानपेट्या उघडल्या की तिथली माणसं येतात, आणि घाटावरची पोरं येतात. पोरं म्हणजे दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीत सोडतात आणि लोकांनी टाकलेली नाणी वर काढतात ती. मला आधी कळायचं नाही चुंबकाला कसं चिकटतं, तर आताचे एक-दोन रुपये लोखंडी जातीच्या स्टीलचे असतात, ते चिकटतात, जुनं तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही, ते पोरांना बुडी मारूनच काढावं लागतं. ओली नाणी असतात, हिरवट, काका ती घेऊन आधी फडक्याने पुसतात मग वाटीत टाकतात. बाजारात या लोकांकडून चिल्लर घेताना बरेच जण बट्टा कापतात, शंभराची चिल्लर घ्यायची आणि पंचाण्णव द्यायचे, जसं पूर्वी सराफ झिजलेल्या रुपयावर बट्टा लावायचे. नावाला बट्टा लागला म्हणतो तो हा बट्टा. काका लावत नाहीत. शंभर घेतले शंभर दिले. मी माझ्या डोळ्याने बघितलंय, दहा-बारा वर्षांचा पोरगा, ओली चड्डी, मुठीत नाणी, आणि काकांनी त्याला पण तसंच वर चढत मोजून दाखवलं जसं माझ्या मुलीला दाखवलं.

माल कसा आहे ते राहिलंच. तूरडाळ चांगली शिजते, पॉलिशची नाही. घोटीकडचा तांदूळ ठेवतात, इंद्रायणी, वास घरभर पसरतो, नवा असला की पाणी कमी घाला हे स्वतः सांगतात. नागली मिळते, नागलीचे पापड उन्हाळ्यात एका बचत गटाचे येतात ते लवकर संपतात. गूळ ढेपेतला फोडून देतात, चिक्कीचा आणि साधा असे दोन्ही. मसाल्याचे पदार्थ मात्र मी तिथून घेत नाही, धने जुने निघाले होते एकदा, सांगितलं तर बदलून दिले पण तेव्हापासून मसाला मी दुसरीकडून आणते. भाव मार्टपेक्षा थोडे जास्त असतात काही गोष्टींना, डाळीला साधारण दोन-चार रुपये, पण वजन चोख. सुट्टा माल मिळतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं, पन्नास ग्रॅम जिरं, पाव किलो रवा, दहा रुपयांची चहा पावडर, मागायला लाज वाटत नाही तिथे. शेजारच्या गल्लीत हातगाडी लावणारे दादा रोज वीस रुपयांचं तेल नेतात, त्यांना पण तेवढ्याच आदराने देतात.

त्रास पण आहेत. चारचाकी नेऊच नका, गल्लीत वळत नाही, दुचाकी पण मेन रोडच्या बाजूला लावून चालत जा. दुपारी एक ते चार बंद, अमावास्येला पूर्ण बंद. घरपोच नाही. फोनवरून पैसे घेतात, कोड चिकटवलेला आहे पण तो इतका खाली की वाकावं लागतं, आणि पैसे आले का ते बघायला काका चष्मा शोधतात त्यात वेळ जातो, तर रोख असेल तर रोखच द्या, सगळ्यांचंच लवकर होतं. संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असते आणि काका कोणाचीच मोड घाईत मोजत नाहीत, त्यामुळे थांबावं लागतं. मला याचं काही वाटत नाही पण ज्यांना घाई असते त्यांनी सकाळी दहाच्या सुमारास जावं.

पाचपैकी पाच देतेय, धने धरून.

एक शेवटचं. लग्नाचा सीझन आला की आहेराच्या पाकिटाला चिकटवायला एक रुपयाची नाणी कुठेच मिळत नाहीत, शंभरच्या वर एक, पाचशेच्या वर एक, तो एक रुपया पाहिजेच, नाही तर आहेर पूर्ण वाटत नाही. काका तुळशीच्या लग्नापासून पुढे नवी चकचकीत एक रुपयाची नाणी वेगळी काढून ठेवतात, पन्नास-पन्नासच्या पुड्या करून वर्तमानपत्राच्या कागदात. ज्यांना हवी असतील त्यांनी आठ दिवस आधी सांगून ठेवा, आणि जाताना घरातले साठलेले पाच-दहाचे कॉइन घेऊन जा, त्यांना पण लागतात.